साध्या कॅमेऱ्यात साप कसा पकडावा? (हाताने नव्हे!)

फोकस_चुकला (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. तीन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे सेकंडहँड डीएसएलआर आहे. अगदी सुरुवातीच्या वर्गातला, २४ मेगापिक्सेलचा. सोबत १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती) आणि ५५-२५०ची झूम (आकडे मिलिमीटरमधले, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). पक्ष्यांच्या मागे फिरून झालं, पण तिथे माझी लेन्स तोकडी पडते आणि ज्यांच्याकडे हातभर लांब तोफा आहेत त्यांच्या शेजारी उभं राहायला लाज वाटते. मग म्हटलं, साप, सरडे, पाली, घोरपडी ही मंडळी जवळून बघता येतात, इथे आपलं जमेल.

परवा एका विहिरीच्या कठड्यावर दिवड ऊन खात बसला होता. किट लेन्स १८वर ठेवून, स्क्रीनकडे बघत मी पुढे सरकत गेलो. स्क्रीनवर साप चांगला लांब दिसत होता. फोटो काढला, मान वर केली, तर तो माझ्या मनगटापासून वीतभरावर! माझा धीर सुटला, त्याचाही सुटला. तो धपकन पाण्यात आणि मी आहे तिथेच मागच्या मागे बसलो. घरी येऊन बघतो तर कठड्याच्या फटीतलं गवत असं लख्ख आलंय की पात्यावरच्या शिरा मोजाव्यात. साप म्हणजे मागे पडलेला तपकिरी दोर.

तर प्रश्न असे: मॅक्रो लेन्स (अगदी जवळून, वस्तू मोठी काढायची) घेतल्याशिवाय हे जमतच नाही का? फ्लॅश वापरावा का? आणि जवळ जायचं म्हणजे किती जवळ?

पहिलीच_वेळ

फोटो कुठाय? फोटोग्राफीचा धागा आणि फोटोच नाही?

फोकस_चुकला (धागाकर्ता)

लाजेखातर टाकला नव्हता. घ्या, आता टाकलाय.

खटपट्या

गवत मस्त आलंय. :)

भिंगोबा

धागा काढलात ते बरं केलंत. हे प्रश्न मला निरोपात वर्षाला चार-पाचजण तरी विचारतात, आता नुसता दुवा देता येईल.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, म्हणजे पहिला आपोआप सुटेल. जवळ जायचंच नाही. किट लेन्स पिशवीत ठेवा आणि ५५-२५० काढा.

गणित बघा. अशा झूम लेन्स साधारण मीटरभरावरून फोकस करतात आणि तिथे २५०वर ठेवल्या की वस्तूची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीवर) खऱ्याच्या पाव आकाराच्या आसपास उमटते. तुमच्या सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटरच्या आगेमागे, म्हणजे फ्रेममध्ये ९ सेंटीमीटरांचा तुकडा मावला. मोठ्या सापाचं डोकं धरा ४ सेंटीमीटर. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. म्हणजे नुसत्या डोक्याच्या वाट्याला अडीच हजारांच्या वर पिक्सेल आले. ओठांवरचा एकेक खवला मोजून घ्या. सापासाठी मॅक्रो लेन्स मला कधी लागली नाही. माझी आहे, ती कोळी आणि चतुर काढायला जाते.

लहान पाली, सापसुरळी, सरड्याची पिल्लं यांना मात्र पाव आकार अपुरा पडतो. त्यासाठी लेन्सच्या पुढे चष्म्यासारखी फिरवून बसवायची क्लोज-अप लेन्स मिळते. तिच्यावर डायॉप्टरचा आकडा असतो. २ डायॉप्टर म्हणजे झूमचा फोकस अनंतावर ठेवला की पुढच्या भिंगापासून ५० सेंटीमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसणार, आणि २५०वर अर्धा आकार मिळणार. ४ डायॉप्टर घेतली तर अंतर २५ सेंटीमीटर आणि आकार पूर्ण, एकास एक. घेताना दोन भिंगं चिकटवलेली बघून घ्या. एका भिंगाच्या स्वस्त फिल्टरांनी कडांना जांभळ्या-हिरव्या रेघा येतात. खवल्यांवरच्या चमकेला तर त्या हटकून दिसतात.

एक्स्टेन्शन ट्यूबचा (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळीचा) सल्लाही कुणीतरी देईलच, म्हणून आत्ताच सांगतो. २५ मिलिमीटरची ट्यूब ५०च्या लेन्सला लावली तर आकारात निम्म्याची भर पडते, तीच २५०ला लावली तर जेमतेम दहाव्या भागाची. ५०वर ट्यूब लावून निम्मा आकार मिळवायचा तर सापाच्या नाकापर्यंत जावं लागेल. ट्यूब फुलांना लावा.

निवांत_घोरपड

भिंगोबांना +१, आणि धागाकर्त्याला एक सांगायचंय. तुमच्या बाबतीत जे झालं ते माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांच्या बाबतीत झालंय. १८ मिलिमीटरवर सगळं जग दूर दिसतं. आपण स्क्रीनवरचं अंतर खरं मानून पुढे सरकतो, आणि साप बिचारा खऱ्या अंतरावर असतो. तुमचा दिवड होता म्हणून पाण्यात गेला. तसा तोही कडाडून चावतो, पण बिनविषारी. त्याच्या जागी घोणस असती तर हा धागा तुम्ही काढला नसता.

माझा हिशोब असा आहे. साप बहुधा स्वतःच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत झेपावतो, कधी त्याहून जास्त. वेटोळं घातलेल्या सापाची लांबी आपण नेहमी कमीच धरतो. म्हणून जितका वाटतोय त्याच्या दुप्पट अंतर. दीड मीटरचा वाटला तर तीन मीटर. झेप दिसल्यावर मागे होऊ, हे डोक्यातून काढून टाका. पापणी लवायच्या आत ती पोचलेली असते, आणि बिनविषारी सापही तितकाच चपळ असतो.

दुसरं म्हणजे व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आपण आंधळे होतो. एक साप चौकटीत दिसतो, पण आपला गुडघा कशावर टेकतोय ते दिसत नाही. मी बसण्याआधी काठीने पालापाचोळा हलवतो, आणि एकटा जात नाही. बरोबरच्याने फोटो काढायचे नाहीत, फक्त बघायचं आणि बोलायचं. साप सरकला की त्याने सांगायचं, मी डोळा काढायचा.

खटपट्या

अहो घोरपडराव, किती घाबरवता! मी दहा वर्षं काढतोय, हातभरावरून काढतोय, अजून काही झालं नाही.

निवांत_घोरपड

होईपर्यंत कुणालाच काही झालेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी सुमारे ५४ लाख लोकांना साप चावतो आणि ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं त्यात जातात. त्यातले बहुतेक शेतात राबणारे असतात, त्यांना पर्याय नसतो. आपण तर हौसेने जातो. चावलाच तर तो भाग हलवायचा नाही, कापायचा नाही, चोखायचा नाही, आवळून बांधायचा नाही, आणि तडक प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. कुठलं रुग्णालय ते निघायच्या आधी माहीत पाहिजे. माझं याविषयी बोलून झालं, आता फोटोंवर बोलू.

उन्हातली_पाल

मी फोनवाली आणि ब्रिज कॅमेरावाली, दोन्हीबद्दल थोडं लिहिते.

फोनवाल्यांनो, मॅक्रो मोड सापापुढे बंद ठेवा. बऱ्याच फोनमध्ये वस्तू जवळ आली की कॅमेरा आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर जातो. ती चार-पाच सेंटीमीटरवरून काढायला केलेली आहे. म्हणजे धागाकर्त्याची चूक फोन तुमच्याकडून स्वतःच करवून घेतो. त्याऐवजी टेलिफोटो लेन्स असेल तर ती लावा, मीटर-दीड मीटर मागे उभ्या राहा आणि घरी येऊन फोटो कापा. अंगणातल्या पालीला मॅक्रो मोड चालतो. तिची हरकत नसते, फक्त शेपूट उगाच सोडायला लावू नका.

ब्रिज कॅमेरा म्हणजे साठपट झूम आणि नखाएवढा सेन्सर. लोक त्याला नावं ठेवतात. पण घोरपड बिळाच्या तोंडाशी बसलीय, वीस पावलांवरून पुढे सरकलं की ती आत, तिथे तुमच्या किट लेन्सा काय करणार? मी त्याच कॅमेऱ्यात तिची जीभ काढलीय. दोन गोष्टी मात्र चुकून शिकले. लेन्सचं छिद्र (उजेड आत येतो ते, एफचा आकडा मोठा तितकं बारीक) फार बारीक करायचं नाही. इतक्या लहान सेन्सरवर एफ/८ला सगळंच मऊ होतं, मी एफ/४ ते ५.६च्या पुढे जात नाही. आणि दुपारी तापलेल्या खडकावरचा सरडा लांबून काढायचा नाही. मध्ये हवा उकळत असते, फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. दोन महिने मी लेन्स बिघडली म्हणून रडत होते.

पहिलीच_वेळ

मला एक विचारायचंय. मी फोनवर एक साप काढला (तीन मीटरवरून, घोरपडदादा!). बाकी सगळं स्पष्ट आलं, पण डोळा पांढुरका, निळसर, धुकं पडल्यासारखा. लेन्सवर वाफ होती का? की बिचारा आंधळा आहे?

कवड्या

नाही हो, तो कात टाकायला आलाय. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, चष्म्याच्या काचेसारखा. कात सुटायला लागली की जुन्या आणि नव्या थरांच्या मध्ये द्राव साचतो आणि डोळा दुधी दिसतो. काही दिवसांनी तो पुन्हा स्वच्छ होतो आणि मग कात निघते. डोळ्याच्या त्या काचेसकट. टाकलेली कात सापडली तर डोक्याच्या जागी बघा, दोन गोल काचा दिसतील.

या दिवसांत त्याला धड दिसत नाही, म्हणून तो एरवीपेक्षा चिडका असतो. त्याला राहू द्या. दहा-बारा दिवसांनी तोच साप तिथेच सापडला तर नवं अंग बघायला मिळेल, आणि त्यासारखा फोटो नाही.

भिंगोबा

कवड्यांनी डोळ्याचा विषय काढलाच आहे, तर फोकसचं बोलतो. मूळ धाग्यातलं गवत विसरलेलो नाही.

कॅमेऱ्याला सगळे बिंदू मोकळे सोडले की तो सर्वांत जवळचं आणि सर्वांत ठसठशीत काय ते उचलतो. ते गवत असतं. एकच बिंदू निवडा, तो सापाच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा. पाव आकाराला एफ/८वर स्पष्ट पट्टा मिळतो अवघा सहा-साडेसहा मिलिमीटरांचा. अर्ध्या आकाराला दोन मिलिमीटर. आता हरणटोळ समोरून काढायचा म्हटलं, तर त्याचा मुस्कटाचा भागच यापेक्षा लांब. डोळा मिळाला तर नाक गेलं, नाक मिळालं तर डोळा. म्हणून बाजूने, डोकं सेन्सरला समांतर ठेवून. हरणटोळाची बाहुली आडवी असते, चावीच्या भोकासारखी, ती बाजूनेच दिसते.

एफ/११पर्यंत जायला माझी ना नाही. त्यापुढे या सेन्सरवर जेवढं मिळतं त्यापेक्षा जास्त जातं.

कॅमेरा सापाच्या डोळ्याच्या पातळीला आणा. हा एवढा बदल केला तरी फोटो ओळखू येणार नाही इतका सुधारतो. वरून काढलेला साप म्हणजे नकाशातली नदी. स्क्रीन उघडून वळवता येत असेल तर कॅमेरा जमिनीवर टेकवा, खाली वाळू भरलेली छोटी पिशवी ठेवा आणि स्वतः मागे बसा. पोटावर झोपायचं नाही. झोपलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो.

खटपट्या

जीभ कशी मिळवायची ते सांगा ना कुणीतरी. माझ्याकडे नेहमी जीभ आत गेलेली असते किंवा एक धुरकट रेघ.

भिंगोबा

शटर १/१००० सेकंदावर ठेवा. १/५००ला मधला भाग स्थिर येतो, दोन टोकं हलतात. जीभ बाहेर येते, वरखाली लवते, आत जाते, हे सगळं सेकंदाच्या आत उरकतं. दिसल्यावर बटण दाबलं तर संपलेलं असतं. पाच-सहा वेळा नुसतं बघायचं. आधी मान किंचित उचलली जाते की ओठांच्या फटीत काळा ठिपका दिसतो, ते त्या त्या सापाचं बघून ठेवायचं आणि त्या खुणेवर सलग फोटोंचा मारा सुरू करायचा. स्वस्त कॅमेरा सेकंदाला पाच काढतो, वीस फोटोंत एक सापडतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, मोठ्या फायलींत) काढत असाल तर कॅमेऱ्याचं पोट लवकर भरतं आणि तो ऐन वेळी थबकतो, म्हणून लहान लहान मारे.

हरणटोळ कधी कधी जीभ बाहेर काढून तशीच धरून ठेवतो. तेव्हा मात्र लॉटरी.

कवड्या

आणि जीभ दिसते म्हणजे साप तुम्हाला वास घेऊन तपासतोय. हवेतले कण ती टाळूतल्या इंद्रियाला नेऊन देते. पाय आपटत आलात तर ते जबड्यातून, जमिनीच्या कंपातून कळतंच. म्हणून मी म्हणतो, आल्यावर पाच मिनिटं काहीच करू नका. जीभ वारंवार यायची थांबली की समजा, तुम्हाला दगडात जमा केलं.

खटपट्या

आता फ्लॅशचं. धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घालत नाहीये म्हणून मीच घालतो. फ्लॅश हवाच. झाडीत उजेड नसतो, स्वस्त कॅमेरा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००ला फोटोत दाण्यांची रांगोळी काढतो. मी पांढऱ्या फोमच्या शीटचा डिफ्यूझर (उजेड पसरवणारा पडदा) केलाय, किडे काढतो तेव्हा काय मऊ उजेड येतो!

निवांत_घोरपड

डोळे मिटता न येणाऱ्या प्राण्याच्या तोंडावर वीस-वीस वेळा लखलखाट करायचा, हे मला पटत नाही. रात्रीच्या पालींचं तर आणखीच. त्यांची बाहुली अंधारात पूर्ण उघडलेली असते.

खटपट्या

मग रात्री फोटोच काढायचे नाहीत?

निवांत_घोरपड

काढा की. दोन काढा, तीन काढा. मंद टॉर्च तिरपा धरून फोकस घ्या, एक झटका द्या, निघा. वीस नको.

भिंगोबा

भांडू नका, दोघांच्या मध्ये एक तिसरीच गोष्ट राहिलीय. खटपट्या, तुझा डिफ्यूझर किड्याला मऊ का पडतो? कारण तो किड्यापासून वीतभरावर असतो. किड्याच्या जागेवरून तो आभाळाएवढा दिसतो. तोच घेऊन सापापासून दोन मीटरवर गेलास की सापाच्या जागेवरून तो पुन्हा एक ठिपका. मग सावल्या कडक, प्रत्येक खवल्यावर पांढरा डाग. शिवाय अंतर दुप्पट केलं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणजे फ्लॅश जोरात मारावा लागतो आणि बॅटरी बसते. थोडक्यात, सुरक्षित अंतरावरून काढायचं ठरवलं की घरगुती डिफ्यूझरचा उपयोगच संपतो.

त्यापेक्षा ढगाळ सकाळ. ढग हा फुकटचा डिफ्यूझर आहे आणि तो कुणाला चावायला जात नाही. आयएसओ १६०० खुशाल वापर. फोटो थोडा दाणेदार आला तरी साप सापासारखा दिसतो, फ्लॅशने तो प्लॅस्टिकचा होतो.

ओल्या किंवा गुळगुळीत सापाची चमक फारच त्रास देत असेल तर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावता येतो. उजेड दीड-दोन स्टॉपने घटतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा). पूर्ण फिरवू नका. चमक सगळी मारली की साप रबरी नळीसारखा दिसतो. थोडी राहू द्यायची.

काळा साप फिक्या मातीवर असेल तर कॅमेरा मातीकडे बघून मोजमाप करतो आणि साप कोळसा होतो. फिका साप काळ्या खडकावर असला की उलटं, खवले उडून जातात. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणं) सापावर ठेवा किंवा एक फोटो काढून उजेडाचा आलेख बघा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि साप दिसला की कुणाला आठवत नाही.

टॉर्च_बंद

धागा वाचतोय, लिहू की नको करत होतो. लिहितोच.

काही वर्षांपूर्वी मी एक शॅमेलिऑन पकडून आणला. चांगल्या उजेडात, चांगल्या वाकड्या फांदीवर, मागे हिरवंगार ठेवून फोटो काढले. फांदीवरून तो सारखा उतरायला बघायचा, मी पुन्हा वर ठेवायचो. दीड तास चाललं. शेवटी तो तोंड उघडून, अंग चपटं करून उभा राहिला, अंगावर काळपट डाग उमटले. मला वाटलं, वा, काय पोझ दिलीय! फोटो खूप गाजला. लोकांनी ‘ड्रॅगन’ म्हणून डोक्यावर घेतला. एकाच जाणकाराने खाली तीन शब्द लिहिले, ‘हा घाबरलेला आहे.’ मी त्याच्याशी भांडलो. मग वाचत गेलो तसं कळलं की त्याचं खरं होतं. काळपट रंग, उघडं तोंड, चपटं अंग, सगळा धाकाचा शृंगार.

सापावर डबा झाकून ठेवायचा आणि त्याने आत वेटोळं घातलं की डबा उचलून फोटो काढायचा, हेही केलंय. फ्रीजमध्ये थंड करून सुस्त झालेला प्राणी काढणारे लोकही पाहिलेत. तो मंद पडतो कारण त्याचं अंग बाहेरच्या तापमानावर चालतं. असा फोटो आता मला लगेच ओळखू येतो. अंग दगडावर धरून नसतं, टाकल्यासारखं असतं.

उन्हातली_पाल

लिहिलंत ते बरं केलंत. फार कमी लोक लिहितात.

सरड्यांच्या बाबतीत तर पकडायची गरजच नसते. सकाळी पहिलं ऊन येतं त्या कुंपणावर, त्या दगडावर तोच सरडा रोज त्याच जागी येतो. अंग तापेपर्यंत तो पळायला नाखूश असतो. मी सरळ चालत जात नाही, तिरपी जाते, दुसरीकडे बघत, आणि माझी सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने. चौथ्या-पाचव्या दिवशी तो माझ्यासमोर दंडबैठका काढायला लागला. मी ते कौतुक समजत होते, तो मला हद्दीबाहेर काढत होता.

अवांतर: गळ्याचा पंखा उघडणाऱ्या सरड्यांच्या एका गटाला २०१६ साली नवी प्रजाती (जीनस) म्हणून नाव दिलं, ते ‘सराडा’. आपल्या मराठी ‘सरडा’वरूनच. विणीच्या काळात नराच्या गळ्याला निळा, काळा, नारिंगी असा रंग चढतो. उघडतो तो क्षणभर, म्हणून जिभेची युक्ती इथेही.

पहिलीच_वेळ

मस्त! वाखूत (वाचनखुणांत) टाकला धागा.

पण प्राणीच सापडले नाहीत तर सराव कुठे करायचा?

भिंगोबा

प्राणिसंग्रहालयात. लेन्सच्या तोंडावरचं रबरी हूड काचेला चिकटवा, म्हणजे स्वतःचं प्रतिबिंब येत नाही. फ्लॅश नको. आतल्या दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर मेकॅनिकल शटर लावा आणि शटर थोडं हळू करा. अजगर तासन्‌तास हलत नाही, १/६०लाही चालतो.

कवड्या

मी मुख्यतः ओळख पटवायचं काम करतो, लोक फोटो पाठवतात. सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो यांत फरक असतो, म्हणून विनंती. एक सुंदर काढा, मग माझ्यासाठी दोन साधे काढा. डोक्याची बाजू, ओठांच्या खवल्यांसकट. आणि पाठ वरून, कण्यावरची ओळ दिसेल अशी.

ही ओळ का, ते माझ्या टोपणनावातच आहे. मण्यार आणि कवड्या दोघेही काळपट, अंगावर पांढरे पट्टे, दोघेही रात्री फिरणारे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे डोक्यामागे बरंच अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि मागे ठळक राहतात. पण झिजलेल्या, धुळीने भरलेल्या सापावर याचा भरवसा नाही. तेव्हा पाठीच्या मधोमध बघायचं. मण्यारीच्या कण्यावरचे खवले मोठे आणि षट्‌कोनी असतात. हे लांबून काढलेल्या स्पष्ट फोटोत दिसतं. हातात घेऊन बघायची गरज नाही.

जो स्लोविन्स्की हा अमेरिकन सर्पशास्त्रज्ञ होता, विषारी सापांचाच अभ्यासक. ११ सप्टेंबर २००१ला म्यानमारच्या दुर्गम भागात त्याने नमुन्याच्या पिशवीत हात घातला. आतला लहान पट्टेरी साप कवड्यासारखा बिनविषारी आहे असा समज झाला होता. ती मण्यार निघाली, आणि चावली. दुसऱ्या दिवशी स्लोविन्स्की गेला. त्याच्याइतका जाणकार फसतो, तर ‘हा बिनविषारी वाटतो, थोडा जवळ जातो’ म्हणणारे आपण कोण?

निवांत_घोरपड

आणि फोटो टाकताना जागा लिहू नका. फोटोच्या आत कॅमेरा किंवा फोन अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो, तेही काढून टाका. गोनियुरोसॉरस लुई नावाची एक सुंदर पाल आहे, १९९९ साली शास्त्रज्ञांनी तिचं पहिलं वर्णन केलं आणि सापडण्याची जागा छापली. पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी तेच वाचलं. मूळ जागेवरून ती संपली. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकणार असाल तर तिथे जागा धूसर करायची सोय आहे, ती वापरा.

कवड्या

त्याच पालीची गंमत म्हणजे तिला पापण्या असतात. बहुतेक पालींना नसतात, त्या जिभेने डोळा चाटून साफ करतात. तो फोटो माझ्याकडे अजून नाहीये. कुणाकडे असला तर टाका.

फोकस_चुकला (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे उत्तर दिलं नाही कारण सांगितलेलं करून बघत होतो.

पहिले चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी सकाळी ढग होते. विहिरीच्या पलीकडच्या बाजूला, कठड्यापासून तीनेक मीटरवर, भावाला शेजारी बसवून बसलो. पन्नास मिनिटं. भावाने मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. मग फटीतून आधी डोकं आलं, बराच वेळ नुसतं डोकं. एकच बिंदू, डोळ्यावर. २५०, एफ/८, १/५००, आयएसओ १६००. हात इतके थरथरत होते की पहिले सगळे गेले. मग भिंगोबांची वाळूची पिशवी आठवली, जी माझ्या मांडीखालीच होती.

एकशे अकरा फोटोंपैकी चार बरे आहेत. त्यातला एक टाकलाय. शेपूट कापली गेलीय, मागे प्लॅस्टिकची दोरी आलीय, जीभ नाहीच. पण डोळा बघा. मोठा, गोल, आणि बाहुलीभोवती पिवळसर कडं. आणि ओठांवर काळ्या उभ्या रेघा आहेत, त्या मला प्रत्यक्ष बघताना दिसल्याच नव्हत्या. दिवड इतका देखणा असतो हे माहीत नव्हतं!

भिंगोबा

शाब्बास! पुढच्या वेळी १/१००० आणि दोरी आधी बाजूला कर. साप यायच्या आधी, आल्यावर नव्हे.

खटपट्या

गवत नाही आलं या वेळी. :(

कवड्या

अभिनंदन, फोटो फार छान आहे. फक्त हा दिवड नाही. दिवडाच्या डोळ्याखालून दोन तिरप्या काळ्या रेघा निघतात, एक खाली ओठाकडे आणि एक मागे जबड्याच्या कोपऱ्याकडे. अंगावर चौकडी असते, खवले खरबरीत. तुमच्या फोटोत ओठांच्या प्रत्येक खवल्याच्या कडेला काळी रेघ आहे, डोळा मोठा आहे, अंग गुळगुळीत. ही धामण आहे.

फोकस_चुकला (धागाकर्ता)

म्हणजे परवाचा तो पण धामणच होती?

कवड्या

पहिला फोटो पुन्हा उघडून बघितला. त्या दोरावरून काही सांगता येत नाही. गवताची जात हवी असेल तर सांगतो.